पिकअपची टाकी किती लिटरची हवी? वरुडकडून एक सरळ प्रश्न

शेंदुरजन्याचा कलमवाला

राम राम मंडळी.

आमची संत्र्याची बाग आहे, सोबत कलमांची रोपवाटिका. आंबिया बहार असो की मृग, माल आजवर भाड्याच्या गाडीनेच गेला. ऐन तोडणीत गाडी मिळत नाही, मिळाली तर भाडं चढलेलं असतं, म्हणून यंदा घरची पिकअप घ्यायचं पक्कं केलं. हौद्याची लांबी, पासिंग, कर्जाचा हप्ता, सगळ्यावर घरात बोलणं होऊन गेलं. अडलं ते टाकीवर.

माहितीपत्रकांतले आकडे असे: टाटा एस डिझेल ३० लिटर, इन्ट्रा व्ही ३० ला ३५, अशोक लेलँड दोस्तला ४०, बोलेरो पिकअपच्या मोठ्या मॉडेलला ६०. धाकटा भाऊ म्हणतो, टाकीनं काय होते, पंप तर आता जागोजागी झाले. माझं मन मानत नाही. नागपूरचं कळमना मार्केट आम्हाला शंभरेक किलोमीटर, अमरावतीही तेवढ्यातच, तिथं प्रश्न नाही. पण कलमं धारणीकडे जातात, मेळघाटातून. आणि बहार चांगला असला की एखादी खेप समृद्धीवरून पार नवी मुंबईच्या वाशीपर्यंत न्यायचा विचार आहे.

गाडी निवडताना टाकीच्या आकड्याला किती वजन द्यावं? ज्यांची गाडी रोज माल ओढते त्यांनी सांगावं. शोरूमवाल्यांचं ऐकून झालं आहे.

परतवाडा गॅरेज

कलमवाले भाऊ, तुमच्या भावाला आणि तुम्हाला दोघांनाही उत्तर हिशेबातच मिळेल. कागद घ्या.

टाकीतलं सगळं डिझेल तुमचं नसतं. शेवटचे पाच ते आठ लिटर गाडीचे समजा आणि त्याला हात लावू नका. उरलं त्याला भरल्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजनं गुणा. रिकाम्या गाडीचा अ‍ॅव्हरेज इथं कामाचा नाही, कंपनीचा तर नाहीच नाही.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांवरून सांगतो. छोटा हाथी, म्हणजे टाटा एस, भरून १६ च्या आसपास देतो. ३० तून ५ सोडले, २५ गुणिले १६, झाले ४००. दोस्त १३ धरा, ४० तून ६ सोडून ३४, झाले ४४०. बोलेरो पिकअप पूर्ण भरतीवर ११ धरा, ६० तून ८ सोडून ५२, झाले ५७०. म्हणजे टाकी दुप्पट, पण पल्ला दीडपटही नाही. मोठ्या गाडीला मोठी टाकी देतात कारण ती पिते जास्त. त्या जागी तुम्हाला मिळतो तो माल: एसची सुरुवातच पाऊण टनापासून झाली, बोलेरोत १.७ टनांपर्यंत जातो. त्यामुळे नुसती टाकी पाहून गाडी घेऊ नका. गाडी मालावरून ठरवा, आणि मग तिचा पल्ला तुमच्या सगळ्यात वाईट रस्त्याला पुरतो का तेवढं तपासा.

आता ते आठ लिटर का सोडायचे ते नीट सांगतो, कारण इथंच लोक हजारोंचं काम काढून ठेवतात. हल्लीची डिझेल गाडी कॉमन रेल आहे, म्हणजे जास्त दाबाचा पंप एका सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पोचवतो. हाय प्रेशर पंपाला वंगण आणि गारवा दोन्ही डिझेलच देतं. वापरून उरलेलं डिझेल तापून परत टाकीत येतं. टाकी भरलेली असली तर ते गार होतं. तळाला पाच लिटर असलं तर तेच तापलेलं डिझेल पुन्हा पुन्हा फिरतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात डांबरावरची हवा काय असते ते तुम्हाला सांगायला नको. दुसरं, तळाशी गाळ आणि पाणी बसलेलं असतं, तेही ओढलं जातं. तिसरं घाटाचं. सेमाडोहकडे चढताना गाडी मागे झुकते, थोडं डिझेल असलं की ते एका कोपऱ्यात जातं आणि पाइप उघडा पडतो. टाकीत चार लिटर असूनही गाडी हवा धरते. मग बसा प्रायमर, म्हणजे नळीतली हवा काढायचा हातपंप, दाबत, तेही हौद्यात पाऊण टन कलमं असताना.

परतवाड्यात भरा, पूर्ण भरा, आणि धारणीपर्यंत मधे भरवशाचा पंप धरू नका. शंभराच्या आसपास अंतर आहे, पण घाटातले शंभर आणि अमरावती रोडचे शंभर यांना डिझेल सारखं लागत नाही.

खेपवाला, अकोला

भाऊ, मी तं टाकी कधी फुल केलीच नाई. भाडं भेटलं का हजाराचं डिझेल टाकायचं, ते खपलं का पुन्हा हजाराचं. साठ लिटर भराले साडेपाच हजार लागते, तेवढे एका टायमाले खिशात रायते कोणाच्या? माह्यासाठी तीस काय न साठ काय, सारखंच. तुमी बागवाले, तुमचं येगळं.

वाशीमची उषाताई

खेपवाले दादा, तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्या बचत गटाची पिकअप आहे, डाळ आणि हळद पोचवते, तिचा हिशेब मी ठेवते. सुरुवातीला आम्हीही असंच भरायचो. पण वहीत एक गोष्ट दिसली. हजाराचं म्हणजे साधारण ११ लिटर, भरल्या गाडीला सव्वाशे किलोमीटर. म्हणजे जवळपास रोज पंप. आमचा पंप गावापासून सात किलोमीटर आहे, जाऊन येऊन चौदा, म्हणजे दर वेळी सव्वा लिटर नुसतं डिझेल आणायलाच जळतं. वर रांगेत उभं राहण्यात सकाळची वेळ जाते. बाजार समितीत लिलाव कोणासाठी थांबत नाही.

आता आम्ही दर सोमवारी एकदाच टाकी फुल करतो. पैसे गटाच्या खात्यातून त्याच दिवशी काढतो, मग ते दुसरीकडे खर्च होत नाहीत. आणि यातून अ‍ॅव्हरेजही खरा कळतो: टाकी फुल केली की मीटर लिहायचा, पुन्हा फुल केली की मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. दोन्ही वेळा नोझल आपोआप बंद होईल तिथंच थांबायचं, वरून थेंब थेंब टाकायचं नाही, नाहीतर हिशेब चुकतो. हजार हजाराचं भरणाऱ्याला आपली गाडी खरोखर किती देते हे कधीच कळत नाही.

खेपवाले दादा, साडेपाच हजार एकदम जड जातात हे मला ठाऊक आहे. पण अर्धी टाकी तरी करून पाहा.

खेपवाला, अकोला

ताई, चौदा किलोमीटरचं गणित पटलं. माह्या घराजवळच पंप हाय म्हणून मले ते दिसलं नोतं. खेड्यातल्या गाडीले ते लागू होते, हे मानतो.

आलापल्ली–भामरागड

तुमच्याकडे पंप सात किलोमीटरवर आहे, तरी बरं आहे. आमच्याकडचं ऐका.

आलापल्लीहून भामरागड ६५ किलोमीटर, सगळं जंगल. आलापल्लीहून सिरोंचा शंभर. गडचिरोलीहून माल घेऊन निघालो की जाणं-येणं साडेतीनशेच्या वर जातं. किराणा, सिमेंट, पत्रे, शाळेचा तांदूळ, सगळं आम्हीच पोचवतो. इथं टाकीचा आकडा पहिला पाहायचा असतो, रंग आणि स्टिरिओ नंतर.

पावसाळ्यात तर वेगळंच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. कधी एक दिवस, कधी जास्त. अशा वेळी गाडी पलीकडे अडकली तर टाकीत आहे तेच तुमचं. कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी लोक पिकअपवाल्याकडेच येतात, आणि त्या वेळी डिझेल नाही असं सांगायची पाळी कोणावर येऊ नये. म्हणून जून लागला की आमच्या गाडीचा काटा निम्म्याखाली येऊ देत नाही. हा नियम कोणी लिहून दिलेला नाही, रस्त्यानं शिकवला.

सिरोंच्याकडच्या गाडीवाल्यांसाठी आणखी एक: पलीकडे तेलंगणात डिझेल आपल्यापेक्षा महाग आहे. नदी ओलांडण्याआधी भरून घ्या.

चांदूर रेल्वे

इथं कोणाला एक विचारायचं होतं. माझ्या गाडीची टाकी पुस्तकात ६० लिटरची आहे. मागच्या महिन्यात एका पंपावर ६३ लिटरचं बिल झालं, आणि टाकी पूर्ण कोरडीही नव्हती. मी भांडलो, तर पोरगा म्हणाला तुमची टाकीच मोठी असेल. हे शक्य आहे का, का मला फसवलं?

पंपावर काम केलेला, पुलगाव

शक्य आहे, आणि हे भांडण पंपावर दर आठवड्याला होतं.

पुस्तकातला आकडा हा कंपनीनं ठरवून दिलेला भरायचा आकडा असतो. टाकीचं प्रत्यक्ष पोट त्याहून मोठं ठेवतात, कारण डिझेल गरम झालं की फुगतं आणि त्याला वर मोकळी जागा लागते. त्यात भरायच्या नळीत मावतं ते वेगळं. नोझल बंद झाल्यावरही कोणी दाबून दाबून भरलं तर पुस्तकापेक्षा तीन-चार लिटर जास्त सहज जातं.

मात्र ते तसं भरू नका, विशेषतः उन्हाळ्यात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं डिझेल गार असतं. तुमची गाडी उन्हात उभी राहते. वीस अंशांनी तापलं तर ६० लिटरमागे साधारण लिटरभर वाढतं. काठोकाठ भरलेली गाडी बाजार समितीच्या पटांगणात दुपारी उभी केली की झाकणातून डिझेल पाझरताना दिसतं ते यामुळंच. तुमचे पैसे जमिनीवर जातात आणि वर धोका.

तरीही मनात शंका असेल तर भांडू नका, पाच लिटरचं माप मागा. वैधमापन, म्हणजे सरकारी वजन-माप खात्याचा शिक्का असलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर समोर भरून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करायची. आणि भरायच्या आधी शून्य पाहायचं, हे तर सगळ्यांना माहीत आहे, तरी घाईत राहून जातं.

चांदूर रेल्वे

धन्यवाद. पुढच्या वेळी माप मागतो.

शेंदुरजन्याचा कलमवाला

मंडळी, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. परतवाडा गॅरेजवाल्या दादांचा हिशेब वडिलांना वाचून दाखवला. आता दोन प्रश्न.

एक, वाशीची खेप. समृद्धी नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. आम्ही धामणगावकडून चढलो तरी पल्ला सहाशेच्या पुढेच. साठच्या टाकीत एका दमात होईल का?

दोन, शेजारी सल्ला देतात की हौद्याखाली आणखी एक टाकी बसवून घे, वेल्डिंगवाला दोन दिवसांत करून देतो. करावं का?

परतवाडा गॅरेज

दुसऱ्याचं आधी. करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीच्या वेळी गाडी जशी आहे त्यात असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. पासिंगला अडेल, आणि उद्या गाडी पेटली तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळेल. कायदा बाजूला ठेवला तरी मी ते काम करणार नाही. अशा टाकीला आत आडवे पडदे नसतात, वळणावर डिझेल एका बाजूला धावतं. जोड एक्झॉस्टच्या जवळ येतो. आणि पत्रा आतून गंजला की तो गंज सरळ तुमच्या इंजेक्टरमध्ये.

वजनाचंही पाहा. डिझेलचा एक लिटर साधारण ८३० ग्रॅम. साठ लिटर म्हणजे ५० किलो, संत्र्याची अडीच क्रेट. आणखी साठ लिटर बांधून फिराल तर तेवढी क्रेट प्रत्येक खेपेत कमी भरावी लागतील, तेही वर्षातून दोन-चार वेळा लागणाऱ्या पल्ल्यासाठी.

आता वाशी. एका दमात होणार नाही आणि करूही नये. भरलेल्या बोलेरोचे ५७० आपण काढले ते साध्या रस्त्यावरचे, ५०-६० च्या वेगाचे. समृद्धीवर मालगाडीला ८० पर्यंत मुभा आहे आणि मोकळा रस्ता दिसला की पाय दाबला जातो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० ऐवजी ८० नं गेलात तर वारा पावणेदोन पट अडवतो. त्यात तुमची क्रेट केबिनच्या वर दोन थर, वर ताडपत्री फडफडत. अ‍ॅव्हरेज ११ चा ९ वर येऊ शकतो. मग ५२ लिटरात ४७० किलोमीटर. ताडपत्री कसून बांधा, ६५-७० धरा, आणि शिर्डीच्या अलीकडे कुठंतरी डिझेलसोबत चहा-पाणी करा. ड्रायव्हरलाही ते हवंच. सलग काँक्रीट रस्त्यावर डोळा लागतो, टायर तापतात. टाकीपेक्षा माणसाचा पल्ला कमी असतो.

समृद्धीवर पंप आहेत, पण जुन्या हायवेसारखे दर गावाला नाहीत. पाव टाकी उरली की पहिला दिसेल त्या पंपावर आत घ्या, पुढचा स्वस्त असेल म्हणून पाहत बसू नका.

दारव्हा रोड

सीएनजीचं कोणी बोललं नाही. डिझेलपेक्षा खर्च कमी येतो म्हणतात. कलमवाल्या भाऊंनी तेही पाहावं.

वाशीमची उषाताई

आम्ही पाहिलं होतं आणि सोडलं. सीएनजीची टाकी लिटरमध्ये सांगतात ते पाण्याचं माप असतं. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये गॅस मावतो नऊ-दहा किलो. तोही २०० बारचा पूर्ण दाब मिळाला तर. पंपावर आधी पाच-सहा गाड्या भरून गेल्या असतील तर दाब उतरलेला असतो, आणि उन्हाळ्यात सिलिंडर तापल्यामुळे काटा फुल दाखवतो पण वजनानं गॅस कमी बसतो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करून घ्यावी लागते. नागपूर, अमरावती शहरात फिरणाऱ्याला परवडेल. आमच्या तालुक्यातून गॅससाठी मुद्दाम लांब जायचं म्हणजे वाचलेले पैसे त्याच रस्त्यावर गेले. तुमच्या गावाजवळ पंप झाला असेल तर वेगळी गोष्ट.

आलापल्ली–भामरागड

विजेवरच्या गाडीचंही तेच. टाटा एस ईव्ही २०२२ ला आली, २१.३ युनिटची बॅटरी, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. शहरातल्या दूधवाल्याला छान. आमच्याकडे वीजच दोन-दोन दिवस जाते.

हिंगणघाटचा, सध्या ह्यूस्टन

घरची आठवण आली म्हणून लिहितो. इथं टेक्सासमध्ये पिकअप हीच घरची गाडी असते. फोर्ड एफ-१५० ला ३६ गॅलनपर्यंतची टाकी मिळते, म्हणजे १३६ लिटर. पाहणाऱ्याला वाटतं एवढी कशाला. पण पेट्रोलची मोठी इंजिनं, आणि मागे घोड्यांची किंवा बोटीची गाडी जोडली की अ‍ॅव्हरेज जवळपास निम्म्यावर येतो. पश्चिम टेक्सासमध्ये दोन पंपांत बरंच अंतर असतं. इथंही जाणते लोक टाकीचा आकडा नाही, ओझं ओढतानाचा पल्ला विचारतात. आपल्याकडे टोयोटा हायलक्सला ८० लिटर आहे, इसुझू व्ही-क्रॉसला ५५. पण त्या मालाच्या गाड्या म्हणून आपल्या शेतकऱ्यानं घ्याव्यात अशा किमतीच्या नाहीत.

बागेतल्या संत्र्यांचा फोटो टाका भाऊ.

शेंदुरजन्याचा कलमवाला

फोटो टाकतो, आंबियाचा रंग धरू दे.

निर्णय सांगतो. बोलेरो पिकअप, साठ लिटरवाली. टाकीसाठी नाही, सत्तर-पंचाहत्तर क्रेट एका खेपेत जातात म्हणून. भावानं मानलं. त्याची अट एकच, उषाताईंसारखी वही त्याच्या हातात राहील. ती मी आनंदानं दिली. धारणीला जाताना परतवाड्यात भरायचं, वाशीला जाताना मधे एकदा थांबायचं, आणि दुसऱ्या टाकीचा विषय बंद.

गॅरेजवाले दादा, नवी गाडी ताब्यात घेताना डिझेलच्या बाजूचं काय काय पाहू?

परतवाडा गॅरेज

चार गोष्टी. टाकीच्या झाकणाला किल्लीचं कुलूप आहे का, नसेल तर पहिल्याच दिवशी बसवा, बाजारात रात्री उभ्या गाडीचं डिझेल काढतात. डिझेल फिल्टर कुठं आहे आणि त्याच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू कोणता, ते मेकॅनिककडून हातानं उघडून दाखवून घ्या. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तो ढिला करून बाटलीत थोडं काढायचं, तळाला पाणी दिसलं की स्वच्छ डिझेल येईपर्यंत जाऊ द्यायचं. प्रायमर कुठं आहे ते तुम्ही आणि भाऊ दोघांनी पाहून ठेवा. आणि काटा: पहिल्या टाकीला काटा पाऊण, अर्धा, पाव असताना मीटर लिहून ठेवा. टाकी वरून खाली सारखी रुंद नसते, त्यामुळे वरचा पाव आणि खालचा पाव सारखे किलोमीटर देत नाहीत. तुमच्या गाडीचा काटा कुठं लवकर पडतो ते एकदा कळलं की मग दिवा लागायची वाट पाहावी लागत नाही.

परतवाड्यावरून जाल तेव्हा गाडी दाखवून जा, फिल्टरचा स्क्रू मीच दाखवतो.